मोटेवर गायलेलं सिनेमाचं गाणं

ते गाणं कुठं लागलं की लोक हसतात. हसू देत बापडे. वरवर हसण्यासारखंच आहे ते. पण हिंदी सिनेमानं प्रेमाचं म्हणून जेवढं गाऊन ठेवलंय, त्यात इतकं खरं गाणं मला दुसरं सापडलेलं नाही, आणि ज्याला हे पटत नसेल त्यानं माझ्यासमोर बसून बोलावं. मी काही गाण्यातली जाणकार नव्हे. मराठी चौथीपर्यंत शाळा आणि पुढचा सगळा जन्म उसाच्या सरीत. पण मी ते गाणं जिथं गायलं तिथं ते दुसऱ्या कुणी गायलेलं नसेल, एवढं मी छातीला हात लावून सांगते.

आधी गाणं कसं आहे ते ऐका. नवरा बऱ्याच दिवसांनी परगावाहून घरी येतो. दुसरा एखादा सिनेमा असता तर बाई धावत सुटली असती, आभाळात चंद्र आला असता, बागेतली फुलं हलली असती. इथं बाईच्या हातात ओलं धुणं आहे. ती वळूनसुद्धा बघत नाही. कपडा झटकते, दोरीवर टाकते आणि तक्रारी गायला लागते. छप्पर गळलं, शेळीनं भोपळ्याचा वेल खाल्ला, शेजारणीनं नेलेलं पातेलं अजून दिलं नाही, आणि तुम्ही कुठं होता? लांबच लांब ओळ. तो बिचारा जोडा हातात धरून मागं उभा, आणि प्रत्येक ओळीला नुसता "हूं" म्हणतो. सबंध गाण्यात त्याच्या वाट्याला तेवढंच. त्यावर तिचं दोन शब्दांचं तुटक उत्तर, की लगेच पुढची ओळ. शेवटच्या कडव्यात ती म्हणते, बाकी सगळं सोसलं, पण एवढ्या दिवसांत भांडायला कुणी नव्हतं, ते काही सोसवलं नाही. म्हणते, आणि तरीही वळत नाही. गाणं तिथंच संपतं.

मी ते पाहिलं सांगलीला, लढाईच्या दिवसांत. माझं माहेर सांगलीच्या अलीकडं, सासर उंब्रजजवळ. नवरा पलटणीत होता, त्यामुळं आमचा संसार त्याच्या रजेपुरता. बोटीनं लांबच्या लढाईवर धाडायच्या आधी त्याला रजा मिळाली आणि तो मला न्यायला माहेरी आला. नवऱ्यानं स्वतः न्यायला यायची रीत नव्हती, त्यामुळं आळीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. त्यात यानं माझ्या आईला सांगितलं, "हिला सिनेमा दावून आनतो." आई म्हणाली, "मी बी येती." झालं. तो पुढं, आम्ही मायलेकी चार पावलं मागं, अशी आमची वरात थेटरात गेली.

थेटरात बायकांची बाकं वेगळी, पुरुषांची वेगळी, मधे आडभिंत. नवराबायकोनं हौसेनं प्रेमाचा सिनेमा बघायला जायचं, आणि तो भिंतीच्या पलीकडं, ती अलीकडं! मला तेव्हाच राग आला होता, पण बोलते कुणाला? ते गाणं लागलं तसे पलीकडचे गडी फिदीफिदी हसायला लागले. आमची आई मोठ्यानं म्हणाली, "आगं, पैसं दिऊन भांडान बगायला आनलंस व्हय? ह्ये तर आपल्या घरात फुकाट चालतंय." साऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी नाही हसले. आपल्या मनातलं दुसऱ्या कुणीतरी मोठ्यानं म्हटलं की माणसाचं होतं तसं झालं.

परतताना आई ओळखीच्या बाईशी बोलत मागं राहिली, तेवढ्यात त्यानं विचारलं, "काय आवाडलं?" मी म्हटलं, "त्ये भांडायचं गाणं." तो थोडं चालला आणि मग खालमानेनं म्हणाला, "हूं." मला असं हसू फुटलं की आई मागनं ओरडली, "आगं, रस्ता हाय ह्यो!" पुढच्या आठवड्यात तो पलटणीबरोबर गेला आणि मी सासूपाशी राहिले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. सासरे आधीच गेलेले. घरात आम्ही दोघीच.

आता विहिरीकडं येते, कारण सगळं महाभारत तिथं घडलं. आमची विहीर आमच्यात आणि माझ्या चुलत दिरांच्यात सामाईक. चार दिवस पाणी त्यांचं, चार दिवस आमचं. बैलसुद्धा तसेच. एक त्यांचा, एक आमचा, दोन्ही मिळून एक जोडी, आणि जोडी ज्याच्या पाण्याचा दिवस त्याच्याकडं. दोन्ही घरांची मोट एकच गडी हाकायचा. त्या उन्हाळ्यात तोही पलटणीत भरती झाला आणि मोट हाकणारं आमच्या घरात कुणी उरलं नाही. शेतात ऊस उभा. गावाची रीत अशी की न ओढलेलं पाणी दुसऱ्या वाटेकऱ्याचं, आणि एक उन्हाळा पाण्याची पाळी चुकली की पुन्हा मागायला तोंड राहत नाही. थोडक्यात काय, त्या उन्हाळ्यात मोट थांबली असती तर ऊस तर जळलाच असता, पण विहिरीतला आमचा अर्धा वाटाही गेला असता. नवरा तिकडं परमुलखात जीव मुठीत धरून होता. तो परत येईल तेव्हा त्याला कोरडं रान दाखवायचं? मी म्हटलं, मेले तरी नाही.

चुलत दीर सांगायला आले. वयानं मोठे, भजनात पुढं बसणारे, आवाज खणखणीत. आत्याबाईंना म्हणाले, "काकी, यंदाचं तुमचं पानी मी वडतो. ल्योक आला की बगू." बोलणं कसं, तर साखरेत घोळलेलं! मी आतून म्हटलं, "भावजी, मोट मी हाकती." ते हसले. "बाईच्या जातीनं मोट हाकल्यालं कवा बगितलंय का कुनी? बाईनं पाटाचं दारं धरावं." म्हणजे खाली रानात खोऱ्यानं पाणी वळवायचं, ते बायकांचं काम. मी म्हटलं, "बगितलं न्हाई, तर आता बगा." आत्याबाई माझ्याकडं बघतच राहिल्या, पण अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायला मी कासोटा घालून विहिरीवर हजर.

आणि फजिती झाली. मोटेचे बैल उताराला लागतात, तेव्हा नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, ओढला जाऊन पाण्यानं भरलेली मोट वर येते. ती रिकामी झाली की बैलांनी मागच्या मागं चढ चढायचा. हे सगळं बैल करतात ते हाकणाऱ्याच्या गाण्यावर. जुन्या गड्याचं गाणं मला येत नव्हतं. मला येत होत्या त्या जात्यावरच्या ओव्या. पण ओवी ही बसून म्हणायची गोष्ट. पहिल्या ओवीला बैलांनी कान टवकारले, दुसरीला शेण टाकलं आणि जागेवर उभे राहिले. ऊन वर आलं. पलीकडच्या बांधावर दोघंतिघं तमाशा बघायला बसलेच होते. माझं डोकं असं फिरलं म्हणता! मी बैलांना शिव्या घालायला लागले. तुम्हांला पेंड घालते मी, पाणी दाखवते मी, गोठा काढते मी, आणि ऐन वेळी दगा देता? बोलता बोलता त्या बोलण्याला चाल कधी लागली ते मला कळलं नाही. त्या सिनेमातल्या बाईचीच चाल. आणि बैल चालायला लागले.

तिथून पुढं मी ते गाणं मोटेवर गाऊ लागले. हिंदी शब्द जेवढे ध्यानात होते तेवढे, बाकीच्या जागी आपल्या घरच्या तक्रारी. आणि तेव्हा मला कळलं की ते गाणं केवढ्या कारागिरीनं बांधलंय. तिची लांब ओळ म्हणजे बरोबर एक उतार. नाड्यावर बसून ओळ धरायची, ती संपेपर्यंत मोट वर. जिथं तो "हूं" म्हणतो, तिथं मोटेचं पाणी धबकन खाली पडायचं. मग तिचं ते तुटक उत्तर, फटकळ, दोनच शब्दांचं, त्यावर बैल मागं सरायचे. ज्यानं ती चाल बांधली त्यानं मोट पाहिली होती की नाही, देव जाणे. पण भांडणारं माणूस श्वास कुठं घेतं आणि ऐकणाऱ्याची वाट किती वेळ बघतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लोक म्हणतात, त्या गाण्यात प्रेम कुठाय? मी म्हणते, ती थांबते ना, त्या हुंकारासाठी! तिनं त्याच्यासाठी जागा राखून ठेवलीय. रागात असूनही राखून ठेवलीय. याहून प्रेम आणखी कसं असतं? मी ती जागा सोडायची, आणि तिथं पाणी पडायचं, आणि मला तो आठवायचा. पुष्कळदा डोळ्यांना पाणी आलं, पण बैलांना त्याचं काय? त्यांना पुढची ओळ हवी.

गावात बोभाटा व्हायला कितीसा वेळ? "फौजीची बायकू हिरीवर बसून सिनेमाची गाणी म्हंती." नदीवर धुण्याला गेले की बायका गप्प व्हायच्या. एकीनं तोंडावर विचारलं, "तुला काळजी हाय का न्हाई गं त्येची?" लढाईवर गेलेल्याची बायको रडत बसली की गावाला बरं वाटतं, चार जणी येऊन पाठीवरून हात फिरवतात. तीच गायली तर तिची वर्तणूक निघते. मी तिला म्हटलं, "रडून ऊस भिजतोय व्हय? भिजत आसंल तर सांग, बसती रडत." ती पुन्हा माझ्या वाटेला गेली नाही.

मग भावजी आत्याबाईंकडं आले. "काकी, मोट हाकती त्ये हाकू द्या. पर तोंड आवरा तिचं. घराण्याची आब्रू हाय." मला वाटलं, आता सासू मला बोलणार. आत्याबाई दिवसभर रानात पाणी वळवून आलेल्या, पाय चिखलानं भरलेले. त्या म्हणाल्या, "आरं, मी एकटी म्हातारी. तिचं तोंड धरू का पाण्याचं दारं धरू, त्येवढं सांग." भावजी आले तसे गेले. त्या रात्री मी आत्याबाईंच्या पायांना तेल चोळून दिलं.

आणि बघा माणसाची हाव कशी असते! भावजींच्या लेकीचं लग्न ठरलं. बस्ता, आमंत्रणं, मांडव, त्यांना मोटेवर यायला सवड नाही. गडी मिळेना. तेव्हा हेच आब्रूवाले आले आणि म्हणाले, "तेवढं लगीन हुईस्तवर आमच्या बी पाण्याला तूच जोडी हाक. मग तुज्या पाण्याला माजी हरकत न्हाई." म्हणजे माझं गाणं त्यांच्या उसाला चालत होतं! मी हो म्हटलं. हक्कावर शब्द मिळत होता, सोडते कशाला? अख्खा महिनाभर दोन्ही घरांची मोट मी हाकली आणि महिनाभर त्या बैलांनी दुसरं काही ऐकलं नाही.

लग्न उरकलं. हळद उतरली तसे भावजी आपल्या दिवशी डोक्याला पटका बांधून विहिरीवर आले. चार लोक ऐकतील अशा बेतानं त्यांनी अभंग सुरू केला. आवाज चांगलाच होता त्यांचा, खोटं कशाला बोलू. पण बैल हलेनात. उतार कसाबसा उतरले, मोट वर आली, आणि मागं सरायचं काही नावच घेईनात. चाबूक झाला, शेपट्या पिरगाळून झाल्या. त्यांचा स्वतःचा बैल खाली बसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांचा ऊस माना टाकायला लागला, आणि गावातले रिकामटेकडे आमच्या विहिरीकडं निघाले, जत्रेला निघावं तसे.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. भावजी आमच्या दारात येऊन उभे राहिले. "तेवढी चाल सांग," म्हणाले. नजर जमिनीकडं. मी म्हटलं, "सांगती की. पर नुसत्या चालीवर न्हाई सरत त्ये. शब्द लागत्यात." हे मी साफ खोटं बोलले. बैलाला कुठले आलेत शब्द? पण बोलले, आणि आजही मला त्याचं काडीइतकं वाईट वाटत नाही. त्यांच्याबरोबर विहिरीवर गेले, एकेक ओळ सांगितली. आणि भजनातला तो खणखणीत आवाज, सगळ्या बांधांवरून ऐकू जाईल असा, गायला लागला की माझं छप्पर गळलं आणि माझा वेल शेळीनं खाल्ला. लोक लोळायचे बाकी राहिले होते. पण बैल सरले मागं. मी पदर खोचून घरी आले आणि आत्याबाईंना सांगितलं, तेव्हा त्या चुलीपुढं बसून इतक्या हसल्या की फुंकणी हातातून पडली.

पुढं लढाई संपली. पुष्कळ दिवसांनी तो आला. रापलेला, हडकलेला, पण धड. मी धावत नाही गेले. दाराशी उभी राहिले, आणि तोंडातून पहिला शब्द निघाला तो, "येवढा उशीर?" तो हसला. बस्स. त्याबद्दल जास्त सांगणार नाही.

त्याच आठवड्यात भावजींनी चावडीवर चार वडीलधारी माणसं गोळा केली. म्हणाले, बाईशी झालेला ठराव लढाईपुरता होता, तोही अडचणीपोटी. आता घरचा पुरुष आलाय, तर पाण्याची वाटणी नव्यानं ठरवू. आणि वाटणी काय म्हणत होते? त्यांना पाच दिवस, आम्हांला तीन. लढाईभर विहिरीचा गाळ आपण काढला, असा हिशेब पुढं केला. गाळ काढायला मीही पाटी उचलली होती, पण ते कोण बोलणार? बायका चावडीवर चढत नव्हत्या. मी आणि आत्याबाई खाली लिंबाच्या झाडाशी उभ्या होतो. तो नुकताच आलेला, त्याला गावातलं काही ठाऊक नाही. वडीलमाणसापुढं मान हलवायची त्याची लहानपणापासूनची सवय. त्यानं एक मान हलवली असती, की माझ्या सगळ्या उन्हाळ्यांवर पाणी पडलं असतं.

एक म्हातारबा म्हणाले, "बोल रं गड्या. पाच-तीन कबूल हाय का?"

तो उठून उभा राहिला. पलटणीत उभं राहतात तसा, सरळ. म्हणाला, "मी हितं नव्हतो. पानी मी वडल्यालं न्हाई, तवा मला इचारू नका. पानी तिनं राखलंय. तिचं हाय. तिला इचारा."

बाईला विचारायचं म्हणजे काय करायचं, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. म्हातारबांनी भावजींकडं बघितलं, भावजींनी जोड्याकडं. शेवटी म्हातारबांनी मान वळवली, चष्मा वर केला आणि लिंबाकडं बघून म्हणाले, "मग काय म्हंतीस, पोरी?"

आत्याबाईंनी मागून पाठीत एक बोट रुतवलं. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि चावडीची पायरी चढले.

"चार दिस माजं, चार दिस त्यांचं," मी म्हटलं. "आन त्यांच्या चार दिसात त्यांनी काय म्हनायचं त्ये म्हनावं. माज्या चार दिसात मी गानार."